अकरा थांबे आणि एक गिरणी

"अहो, बंद कशाला करू? चालूच आहे गिरणी! दगड फिरतोय, पट्टा फडफडतोय, इथं वन्सं माझ्या कानाशी येऊन ओरडतायत ते मला कळेना, आणि तुम्ही म्हणता शांत आहे?"

"एकदम शांत," हेडफोनमधून मास्तरीणबाई म्हणाल्या. "सुट्टीच्या दिवशी रिकाम्या वर्गात उभं राहून बोलल्यासारखं येतंय तुमचं."

"मग हेच सॉफ्टवेअर घ्या! डोळे मिटून घ्या. पाच वर्षांत पहिल्यांदा मी सभेत तोंड उघडलं आणि कुणी 'आवाज बंद करा' म्हणून खेकसलं नाही."

एवढं बोलून गिरणीवालीनं हेडफोन एका कानावरून सरकवला आणि नणंदेला हातानंच खूण केली, डबा बदल, हा भरला. फोन खिळ्याला टांगलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत होता. गिरणीत पीठ भुवयांवर बसतं तिथं फोनात शिरायला किती वेळ!

नवरा मालट्रकवर, महिन्याचे चार दिवस घरी. गिरणी ही आणि थोरली नणंद, दोघी मिळून चालवायच्या. वीस वर्षं पट्ट्याच्या आवाजावर आवाज चढवून बोलल्यामुळं तिचं साधं 'बसा' सुद्धा समोरच्याला दरडावल्यासारखं वाटायचं. लग्नघरात ही हळू आवाजात काही सांगायला लागली की पाहुणे माना वळवायचे.

अशी बाई पुस्तकं वाचायच्या मंडळात कशी गेली हे नणंदेला अजून उलगडलं नव्हतं. मंडळ म्हणजे पंधरा जण, मास्तरीणबाई त्यांच्या प्रमुख. कुणी कुणाला पाहिलेलं नाही, सगळी ओळख फोनावरची. ज्या पोरांना डोळ्यांनी दिसत नाही त्यांच्यासाठी शाळेची पुस्तकं मोठ्यानं वाचायची, रेकॉर्ड करून पाठवायची. पगार नाही, पाटी नाही. गिरणीवाली पहाटे साडेपाचला धान्याच्या खोलीत पोत्यांच्या मधोमध बसून वाचायची. पोती आवाज पितात, घुमू देत नाहीत, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

तिनं पहिला धडा पाठवला तेव्हा उलट टपाली दोन ओळी आल्या होत्या. "वाचन उत्तम. पण ताई, ही मुलं आंधळी आहेत, बहिरी नाहीत."

लिहिणारा होता कंडक्टर. मंडळाचा तपासनीस. बाकी चौदा जणांनी वाचलेलं प्रत्येक पान तो समोर पुस्तक उघडं ठेवून पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचा आणि गाळलेली ओळ, उलटा वाचलेला आकडा, मध्येच शिंकलेला वाचक, सगळं टिपून कळवायचा. सत्तावीस वर्षं एकाच मार्गावरच्या बसमध्ये तिकिटं फाडली, थांबे पुकारले. निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाजाची पेटीच काढून टाकावी लागली. आता तो बॅटरीएवढं एक मशीन हनुवटीखाली टेकवून बोलायचा. शब्द स्पष्ट यायचे, पण सगळे एका सुरात, डब्यात भुंगा कोंडल्यासारखे. किराणा दुकानात तो बोलायला लागला की गिऱ्हाइकं त्याच्या गळ्याकडे बघत राहायची, दुकानदार अर्ध्यातच "हो हो" म्हणून भलतंच काही बांधून द्यायचा. म्हणून त्यानं बाहेर बोलणंच टाकलं होतं. आठवड्यात तो मनसोक्त बोलायचा ते रविवारी नऊला, मंडळाच्या सभेत. तिथं गळा कुणाला दिसत नव्हता.

सभेचं जुनं सॉफ्टवेअर महिनाअखेरीला बंद होणार होतं, म्हणून नवं शोधायचं होतं. मास्तरीणबाईंनी काम गिरणीवालीवर टाकलं. "सगळ्यात जास्त गोंगाटात तुम्ही राहता. तुमचं जिथं ऐकू येईल तिथं कुणाचंही येईल." ऐकायला चोख हिशेब होता. गोंगाट पुसून टाकणारं हे पहिलं सॉफ्टवेअर तिनं आणलं आणि त्या रविवारी त्याचीच परीक्षा चालली होती.

"तर मग," मास्तरीणबाई म्हणाल्या, "कुणाची हरकत?"

मंडळाचा नियम होता. बाईंनी विचारायचं, मनात दहापर्यंत मोजायचं, कुणी बोललं नाही तर ठराव मंजूर. बाईंनी दहा मोजले. चिटपाखरू नाही. मंजूर.

सोमवारी दुपारी कंडक्टरचा निरोप आला.

"काल मी हरकत घेतली. तीन वेळा. तुम्ही सगळे माझ्यावरून पुढं गेलात. बसमध्ये चेंगराचेंगरी असायची तरी थांबा मागणाऱ्याला मी कधी पुढं नेलं नाही. हातातली दोन पुस्तकं तपासून देतो. पुढचं दुसऱ्या कुणाकडं द्या."

गिरणीवालीनं तो नणंदेला वाचून दाखवला. नणंद चाळणी झटकत होती.

"रुसला म्हातारा."

"अहो वन्सं, पण तो बोललाच नाही! मी होते ना तिथं. एक अक्षर नाही."

"मग खोटं बोलतोय?"

गिरणीवालीनं निरोप पुन्हा वरपासून वाचला. जो माणूस स्वल्पविराम गाळला तरी कळवतो, तो कशाला खोटं बोलेल?

तिनं साधा फोन लावला. पलीकडून तो भुंगा नीट ऐकू आला. "बोला ताई."

"आता मी सांगते तसं करा. हा फोन चालूच ठेवा आणि दुसऱ्यावर ते नवं सॉफ्टवेअर उघडा. भाचीचा घ्या, शेजाऱ्याचा घ्या."

त्यानं भाचीचा फोन घेतला. हिनं नणंदेचा. डाव्या कानाला साधा फोन, उजव्या कानात हेडफोन.

"काय बोलू?"

"तुमचे थांबे पुकारा."

डाव्या कानात बस निघाली. दवाखाना, शाळा, पाण्याची टाकी, चुन्याची भट्टी, जुना पूल, नवा पूल, कारखाना फाटा, थोरली विहीर, बाजार, टपाल कचेरी, डेपो. अकराच्या अकरा. उजव्या कानात काही नाही. खरखरसुद्धा नाही. विहिरीत खडा टाकावा आणि 'डुबुक' येऊच नये तसं.

गिरणीवाली पोत्यावर बसली. तिला उमगलं ते तिनं तिच्या पद्धतीनंच सांगितलं.

"कंडक्टर, तुम्ही एका सुरात बोलता. माझी गिरणीही एका सुरात घरघरते. त्या सॉफ्टवेअरच्या लेखी तुम्ही माणूस नाही, गिरणी आहात. ते तुम्हाला पुसून टाकतंय हो, मेलं!"

फोनवर काही वेळ नुसताच श्वास ऐकू आला. हसायला लागला की तो मशीन बाजूला करायचा.

"म्हणजे कुणी मुद्दाम..."

"कुणाची छाती आहे? तुमचा राजीनामा मी पिठाच्या डब्यात घातलाय. चार दिवस थांबा."

थांबा म्हणाली खरी, पण पुढं गोम होती. त्या सॉफ्टवेअरमध्ये गोंगाट पुसायचं बटण अख्ख्या सभेला मिळून एकच. चालू ठेवलं तर कंडक्टर जाणार. बंद केलं तर गिरणी येणार, म्हणजे गिरणीवाली पुन्हा मुकी. रविवारी सकाळी तर दळणाची रांग रस्त्यापर्यंत, गिरणी बंद ठेवायची सोय नाही. तिनं मास्तरीणबाईंना विचारलं.

"ते लिहून कळवतील की," बाई म्हणाल्या. "चौदा जणांची सोय होतेय. एकासाठी किती ओढाताण करायची?"

आता खरं सांगायचं तर हे गिरणीवालीलाही दोन दिवस पटलं. पाच वर्षांनी तिचं तोंड उघडलं होतं आणि ते तिला गोड लागलं होतं. लिहील की, असं तिनं स्वतःलाच सांगून बघितलं.

"तुला काय," नणंद पोत्याचं तोंड सोडता सोडता म्हणाली, "तुझी गिरणी झाकली ना? मग त्याचा गळा झाकला तरी चालतंय."

"वन्सं, तुम्ही त्याच्या बाजूनं कधीपासून?"

"मी कुणाच्या बाजूनं नाही. पाच वर्षं दर रविवारी दुपारच्या जेवणाला तूच कुरकुरतेस, माझं कुणी ऐकून घेत नाही, माझं कुणी ऐकून घेत नाही. ते दळण आता त्याच्या घरी सुरू होईल, एवढंच म्हणते."

गिरणीवालीनं हातातला डबा आपटला. पण डबा आपटला म्हणजे बोलणं लागलं, हे नणंदेला चांगलं माहीत होतं.

दगडाला टाकी लावून नवे दात पाडले की गिरणीवाली आधी मूठभर धान्य घालून बघायची. पीठ चिमटीत धरून चोळायचं, मग ठरवायचं. सॉफ्टवेअरचंही तिनं तसंच करायचं ठरवलं. गुरुवारी दुपारी, रांग नसताना, तिनं गिरणी रिकामी न ठेवता मक्याचं दळण लावलं आणि मास्तरीणबाईंना ऐकायला बसवलं.

"बाई, वही-पेन्सिल घ्या. मी मधून मधून बोलेन, कंडक्टर थांबे पुकारतील. ऐकू येईल तेवढ्यालाच गुण द्यायचे. उगाच पदरचे देऊ नका."

"मी कधी दिलेत?" बाई फणकारल्या.

पहिलं सॉफ्टवेअर तेच, मंजूर झालेलं. गिरणीवाली लख्ख. कंडक्टर, अकरापैकी शून्य. बाईंनी शून्य लिहिलं, आणि मग त्यांची पेन्सिल जरा थबकली असावी, कारण त्या हळूच म्हणाल्या, "म्हणजे मी दहा मोजत होते तेव्हा हे बोलत होते?"

"तीन वेळा," गिरणीवाली म्हणाली. "पुढचं घ्या."

दुसरं निळ्या चौकटीचं. त्यात कुणाचंच काही पुसलं जात नव्हतं. बाईंना गिरणी ऐकू आली, पट्टा ऐकू आला, नणंद मांजराला हाकलते ते ऐकू आलं. कंडक्टरचा डेपो तेवढा शेवटी आला, तोही मका संपला म्हणून. तिसऱ्यात अकरापैकी चार. "दवाखान्यातून उठून एकदम बाजारात," बाई म्हणाल्या. "एवढा बरा झाला पेशंट."

चौथं दिसायला अगदीच दळभद्री. काळी पाटी, मुंगीएवढी अक्षरं, ना चित्र ना रंग. शिवाय बोलायचं असेल तेवढा वेळ बटण दाबून धरायचं, सोडलं की आवाज बंद. पण गोंगाट पुसायचं बटण ज्याचं त्याच्या हातात. गिरणीवालीनं आपल्याकडचं चालू केलं. कंडक्टरनं आपल्याकडचं बंद केलं.

"दवाखाना," पलीकडून आलं. "शाळा. पाण्याची टाकी. चुन्याची भट्टी..."

बाई एकेक बरोबरची खूण करत गेल्या. मध्येच गिरणीवाली ओरडली, "माझंही येतंय का हो?" आणि बाई म्हणाल्या, "हळू! पूल गेला माझा!" कंडक्टरनं पूल पुन्हा पुकारला. अकराच्या अकरा.

"पण बटण दाबून धरायचं म्हणजे त्रासच की," बाईंनी शेवटचा खडा टाकून बघितला. "यांचा एक हात गळ्याशी असतो."

"बाई," कंडक्टर म्हणाला, "सत्तावीस वर्षं एका हातानं दांडा धरला, दुसऱ्यानं घंटीची दोरी ओढली. दोन्ही हात मोकळे मला कधी होते?"

रविवारी सगळे काळ्या पाटीवर जमले. जमले म्हणजे काय, पंधरा जणांना आत आणता आणता साडेनऊ वाजले. एकीला बटण सापडेना, एक जण दाबलेलं बटण सोडीना, त्यामुळं त्याच्या घरातलं भांडण सगळ्यांनी ऐकलं. दोघातिघांनी नाकं मुरडली, जुनाट आहे म्हणाले. मास्तरीणबाईंनी त्यांना बोलू दिलं. मग म्हणाल्या, "आजपासून दहा मोजणं बंद. मी एकेकाला हाक मारणार, प्रत्येकानं तोंडानं हो किंवा नाही म्हणायचं. गप्प बसला म्हणजे हो, हे मी इतकी वर्षं शाळेत कधी चालू दिलं नाही. इथं कसं दिलं कोण जाणे."

हाका सुरू झाल्या. हो. हो. नाही, अक्षरं बारीक आहेत. हो. तीन महिने बघू. हो. गिरणीवालीनं पिठाचं बोट पिशवीवरूनच दाबून धरलं आणि घसा फुटेस्तोवर "हो!" म्हटलं.

"कंडक्टर?"

"हो," तो एकसुरी आवाज आला. "आणि एक हरकत आहे."

गिरणीवालीनं हातातला डबा तसाच धरला.

"सॉफ्टवेअरला नाही. ताईंच्या सातव्या धड्याला. पान चाळीस, खालून तिसरी ओळ गिळली. पान बेचाळीसवर मागं कोंबडा आरवतो, तो पुस्तकात नाही. आणि ताई, मुलं अजूनही बहिरी नाहीत."

सगळ्यांनी एकदम हसायला बटणं दाबली. त्या गदारोळात गिरणीवाली काहीतरी ओरडत होती, पण तिचं बोट पिशवीवरून कधीच निसटलं होतं. म्हणजे ऐकलं ते फक्त नणंदेनं.

"राजीनामा परत दे म्हणतोय का?" नणंदेनं विचारलं.

"चुका काढतोय मेला," गिरणीवाली म्हणाली. तिचे सगळे दात दिसत होते. तिनं खडू घेऊन दाराच्या फळीवर लिहिलं, पान चाळीस, कोंबडा. उद्या पहाटे पोत्यांमध्ये बसून पुन्हा वाचायचं.

बाहेर रांगेतल्या पहिल्या बाईनं डब्यावर टिचक्या मारल्या. "ओ गिरणीवाल्या बाई, सभा झाली असेल तर गहू घ्या की माझे. उन्हं डोक्यावर आली."

"आले, आले!" तिनं फोनची पिशवी खिळ्यावर नीट टांगली, पट्टा एकदा हातानं चाचपला, आणि डबा उचलून गहू गिरणीच्या तोंडात ओतले.