दस्तगीरभाईंच्या चाकूचा भाव

दस्तगीरभाई गेल्याचं मला आमच्या रोपवाटिकावाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं. ‘असा कारागीर पुन्हा होणे नाही,’ असं लिहिणाऱ्यांत तीन वर्षं त्यांच्या दारात न फिरकलेलेच जास्त होते. मीही तेच लिहिलं... पाच आठवडे झाले, ते वाक्य अजून टोचतं.

निमगाव केतकीत त्यांची भट्टी होती. कलमाचे चाकू करावेत ते त्यांनीच. कळसला मी सीताफळाची रोपवाटिका काढली तेव्हापासूनची आमची ओळख. पात्यावर मुठीजवळ चंद्रकोरीचा ठसा, आणि भाव एकच. डझनाने नेणारा बागायतदार असो की एकच चाकू घेणारी मजूर बाई. मी एकदा म्हणालो, “जुनं गिऱ्हाईक मी, मला तरी कमी करा.” ते हसले. “तुमाला कमी केलं तर दुसऱ्याकडनं जादा घेतल्यागत हुतंय की, तात्या.”

मग बारामतीच्या एका दुकानात तसाच ठसा मारलेले चाकू आले. दस्तगीरभाईंच्या एका चाकूच्या पैशात चार. हातात घेताच खोटेपणा कळला होता, तरी मी डझनभर उचलले. त्यातलाच एक आमच्याकडे कामाला असलेल्या शालनच्या हातात कलमाची काडी तासताना मोडला आणि पात्याचा तुकडा तिच्या अंगठ्यात घुसला. तिच्या भावाने रक्ताळलेल्या हाताचा आणि त्या ठशाचा व्हिडिओ काढला, ‘दस्तगीरचा माल बघा’ म्हणून फिरवला. दोन दिवसांत तालुकाभर झालं. ‘तो चाकू त्यांचा नाही, मी आणलाय,’ एवढंच ग्रुपवर लिहायचं होतं. दोनदा लिहिलं, दोनदा पुसलं. स्वस्तातली हत्यारं बायांच्या हाती देणाऱ्याची रोपं कोण घेणार, ही भीती.

त्यांची गिऱ्हाइकं तुटली. वर मीच शहाणपणा शिकवायला गेलो, “भाव उतरवा थोडा.” ते हातातल्या चाकूची मूठ घासत राहिले. “उतरवला तर आजवर लुटत हुतो असं हुईल. पोलाद तेच, मेहनत तीच... मग कमी कशातनं करू?” बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात भट्टी विझली. साठी उलटलेला तो माणूस वेल्डिंगच्या दुकानात रोजाने गज कापायला जाऊ लागला. समोरून येताना दिसले की मी रस्ता बदलायचो.

मागच्या आठवड्यात त्यांच्या पत्नीला, मुमताजभाभींना भेटायला गेलो. न राहवून सगळं सांगून टाकलं. त्या शांतपणे म्हणाल्या, “त्यांना ठाव हुतं. शालनच्या घरी जाऊन मोडका चाकू बघून आलं हुतं. कुणी आणला त्येबी तिनं सांगितलं.”

“मग बोलले का नाहीत?”

“मी लई भांडले. तर म्हनले, माझं नाव गेलंच हाय, तात्याचं घालवून त्ये परत येतंय व्हय? तितं वीस बाया कामाला हायेत.” मग म्हणाल्या, “आनि म्हनायचे, तात्या यील एक दिस, आपल्या तोंडानं सांगील.”

उठून बाहेर आलो. बंद भट्टीपुढे एक लाकडी बाक आहे. दर बाजारच्या दिवशी, भट्टी विझल्यावरसुद्धा, ते तिथे येऊन बसायचे, असं भाभींनी दारातून सांगितलं. एका कडेला... दुसऱ्या माणसापुरती जागा सोडून.