वंदना हलली नव्हती

२३ नोव्हेंबर, रविवार. काम: धाकट्या जावेच्या बाथरूममध्ये हाताने धरायचा दांडा बसवणे. काम झालं, दांडा पक्का बसला. पण ते करताना जे कानावर आलं त्यामुळे आज हे लिहायला बसले आहे. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. आडपडदा न ठेवता बोलणारी बाई असा माझा लौकिक आहे, म्हणून कुणी कधी विचारलंही नाही.

माझ्याकडे बॅटरीवर चालणारं ड्रिल आहे. नवऱ्याचं नाही, माझं. डोंबिवलीच्या आमच्या सोसायटीत पडद्याचा रॉड असो, फोटोची खुंटी असो, कपाटाचं बिजागर असो, हाक मलाच येते. मधूनमधून मी बायकांना शिकवतेही. केस बांधा. ओढणी काढून ठेवा, मंगळसूत्र आत टाका. हातमोजे नकोत, फिरत्या बिटात, म्हणजे ड्रिलच्या टोकात, अडकतात. डोळ्यांवर चष्मा हवा. भिंतीत पाइप, वायर कुठून गेली आहे ते आधी बघा. आणि बिटाजवळ कुणाचाही हात जाणार असेल तर बॅटरी काढून बाजूला ठेवा, मगच हात. हे मी त्यांच्याकडून घोकून घेते. शेवटी एक उदाहरण देते — त्या उदाहरणाकडे येतेच आहे. सरळ येता येत नाहीये, एवढंच.

माझी जाऊ वंदना ठाकुर्लीला राहते. तिची मुलगी रसिका बाळंतपणाला माहेरी आली आहे. बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालायचं, मग पाटावरून उठायचं, तर धरायला काहीतरी हवं, म्हणून हा दांडा. टाइलवर चिकटपट्टी लावली, ड्रिलचा ठोके देणारा हॅमर मोड बंद ठेवून सावकाश भोकं पाडली. दांडा लावताना दुसरं टोक कुणीतरी धरायला हवं होतं. वंदना दारातच उभी होती. मी म्हटलं, "जरा धर गं."

तिने दोन्ही हात पाठीमागे नेले. "नको ताई. रसिकाला बोलावते. मी हलते."

आतून रसिका ओरडली, "काकू, आईला कुठे सांगताय! आमच्याकडे भूकंपाचं केंद्र तिच्या हातात आहे!"

आम्ही हसलो. वंदनाही हसली. मग रसिका आली, टोक धरलं आणि सहज बोलून गेली, "बाळाला आंघोळसुद्धा घालत नाही ती. मालिशवाल्या मावशी घालतात आणि ही टॉवेल घेऊन दारात. म्हणते, माझ्या हातून सटकलं तर?"

मी स्क्रू पिळत होते. पिळतच राहिले.

माझा धाकटा झाला तेव्हा वंदना या घरात नवी नवरी होती. बाळाला पाण्यात धरायची मला भीती वाटायची — हो, मला. तेव्हा रोज सकाळी त्याला हिनेच न्हाऊ घातलं. डाव्या तळव्यावर त्याची मान, उजव्या हाताने पाणी, तोंडाने काहीबाही गाणं. त्या हातांना काय झालं? मला माहीत आहे काय झालं. एवढी वर्षं फक्त मलाच माहीत आहे.

रसिका शाळेत होती तेव्हाची गोष्ट. गणपती आमच्याकडे असतो. ड्रिल नवं होतं, आणि मखराचा सांगाडा या वर्षी मीच करणार असं मी जाहीर केलं होतं. माझा नवरा आणि वंदनाचा, दोघे भाऊ सोफ्यावर बसून गंमत बघत होते. "वहिनी, मखर बांधा, भिंत पाडू नका," असे भाऊजींचे शेरे चालू होते. लाकडी पट्टी स्टुलावर आडवी ठेवली होती. ती पकडायचा क्लॅम्प पिशवीत होता. तो कोण काढणार? वंदना होती ना धरायला.

बिट लाकडाच्या गाठीत अडकलं. मी म्हटलं, "पट्टी खालून धर आणि ओढ." तिने डावा हात पट्टीखाली घातला. बॅटरी आत होती. दिशा बदलायचं बटण मधोमध ठेवलं की ट्रिगर दाबलाच जात नाही — तेही ठेवलं नव्हतं. माहीत नव्हतं का? सोबतची पुस्तिका मी पहिल्याच दिवशी अथपासून इतिपर्यंत वाचली होती. सोफ्यावरून आणखी एक शेरा आला. त्याला उत्तर द्यायला मी मान वळवली, आणि ट्रिगर दाबला गेला — नाही. असं नाही लिहायचं. मी दाबला. बिट पट्टीतून आरपार गेलं आणि तिच्या अंगठ्याच्या मुळाशी घुसलं.

वंदना हलली नव्हती. तिला सांगितलं होतं तिथे, सांगितलं होतं तसा तिचा हात होता.

रक्त दिसायच्या आधी माझ्या तोंडून शब्द गेले: "हललीस कशाला?"

तिने माझ्याकडे बघितलं. ओठ पांढरे पडले होते. आणि ती म्हणाली, "हो ना ताई. हलले मी."

तिला खरंच तसं वाटलं असेल? दुखण्याच्या त्या क्षणी माणसाला काय कळतं? थोरली जाऊ म्हणते आहे म्हणजे तसंच असणार, असं आमच्या घरात होतं, आणि ते तसं असावं यासाठी मीही झटले होते. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, काय झालं? तिनेच सांगितलं, मी हलले. मी शेजारी उभी होते. तिची पर्स माझ्या हातात होती.

अंगठा वाकवणारी आतली शीर तुटली होती. टाके पडले, पुढे ऑपरेशनही झालं, पण तो अंगठा टोकाला वाकत नाही तो नाहीच. उकडीच्या मोदकाच्या कळ्या अख्ख्या घरात तिच्यासारख्या कुणाला येत नव्हत्या. दुसऱ्या वर्षी तिने बाजारातून साचा आणला आणि मोदक त्यात दाबत बसली. पण अंगठ्यावर निभावलं असतं तर एक वेळ बरं. तिचा हात हलतो, हे घरात रूढ झालं. कप फुटला की सगळे वंदनाकडे बघणार. चहाचा ट्रे तिच्या हातात दिसला की कुणीतरी म्हणणार, जपून गं. मीही म्हटलं आहे. एकदा नाही, कितीदा तरी. हळूहळू तिच्या हातून खरंच वस्तू पडायला लागल्या.

आणि ते उदाहरण. प्रत्येक वेळी शिकवणीच्या शेवटी मी सांगते, धरणाऱ्याने हलायचं नाही. माझी जाऊ एक क्षण हलली, बघा काय झालं. एकदा ती स्वतः आली होती, मागच्या खुर्चीवर बसली होती. मी हे वाक्य बोलले तेव्हा तिने सगळ्या बायकांना दिसावा म्हणून अंगठा वर केला.

त्यानंतरही मी ते उदाहरण देत राहिले.

का? चूक माझी ठरली असती तर ड्रिल माळ्यावर गेलं असतं, आणि ते दोघे भाऊ जन्मभर हसले असते. बस, इतकंच. याहून मोठं काही शोधायला गेले तर सापडत नाही. वंदनाचा हात एका पारड्यात आणि माझा तोरा दुसऱ्यात, असं तोलून बघितलंही नाही मी. तोंडातून गेलं, चाललं, चालू दिलं. खरं सांगायला वेळ नव्हता असंही नाही. दर गणपतीत ती माझ्या शेजारी बसून साचा दाबत होती.

सोमवार. सकाळी घोडबंदरच्या ऑफिसला कळवलं की उशिरा येईन, आणि रिक्षा करून ठाकुर्लीला गेले. आंघोळ चालू होती. मावशी पाटावर, बाळ त्यांच्या पायांवर, रसिका दाराशी स्टुलावर, आणि वंदना टॉवेल घेऊन उभी. मी चप्पल काढली आणि उभ्या उभ्याच सांगितलं. क्लॅम्प पिशवीत होता, बॅटरी आत होती, बोट माझं होतं, आणि तू हलली नव्हतीस.

माफी मागितली नाही. मागितली असती तर तिला लगेच "असू दे ताई" म्हणावं लागलं असतं. तिला तशी सवय आहे.

ती म्हणाली, "मी हलले नव्हते?"

"नाही."

"जरासुद्धा?"

"जरासुद्धा नाही."

तिने टॉवेल माझ्या हातात दिला आणि स्वयंपाकघरात गेली. नळ सुरू झाल्याचा आवाज आला, आणि तो येतच राहिला. रसिका माझ्याकडे बघत नव्हती. मावशींना यातलं काही कळलं नव्हतं. त्या नव्या दांड्याला धरून उठल्या आणि त्यांनी ओलं बाळ माझ्या हातांतल्या टॉवेलात ठेवलं. मी त्याला गुंडाळलं आणि तशीच उभी राहिले. ते रडायला लागलं. कुणी घ्यायला येईना.

नळ बंद झाला. वंदना बाहेर आली, पदराला हात पुसले आणि माझ्याकडे न बघता टॉवेलातून बाळ उचलून घेतलं — डावा तळवा मानेखाली, न वाकणारा अंगठा सरळ बाहेर. रसिका सवयीने "आई, जप—" म्हणाली आणि मधेच थांबली.

वंदना बाळाला घेऊन आतल्या खोलीत गेली. मी ओला टॉवेल दांड्यावर वाळत टाकला, चप्पल घातली आणि निघाले.