साडूले खिचडी

बायको जाऊन तीन वर्षं झाली, मुलगी बंगळुरात, आणि मी अमरावतीत चार खोल्यांचा एकटा राजा. राज्य सुरळीत होतं, फक्त संध्याकाळी छातीत धडधड व्हायची. हृदयाच्या डॉक्टरांनी हृदय ठणठणीत ठरवलं, तेव्हा मला थोडं वाईटच वाटलं.

मग कोणीतरी अकोल्याची आहारतज्ज्ञ सुचवली. तिच्याकडे जायच्या आधी एक तपासणी करून घेतली. मेंदूतली रसायनं म्हणे लघवीतून मोजतात. सकाळी ती बाटली मी प्रयोगशाळेच्या माणसाच्या हाती अशी दिली, जशी नाटकात राजमुद्रा देतात. सोबत सात दिवसांची जेवणाची वही भरायची होती. काय खाल्लं, किती खाल्लं, आणि शेवटचा रकाना : जेवताना सोबत कोण?

खाणं मी खरंखरं लिहिलं. शेवटच्या रकान्यात मात्र माझ्यातला नट जागा झाला. सोमवारी शेजारचं जोडपं आलं. मंगळवारी वर्गमित्र, पोट दुखेपर्यंत हसलो. बुधवारी नांदगाव खंडेश्वरहून साडू. रकाना रिकामा ठेवायला लाज वाटली, एवढंच.

अकोल्याला ती माझ्या मुलीच्याच वयाची निघाली. रिपोर्ट तिनं बाजूला सारला.

"काका, या आकड्यांवर मी फार जात नाही. डोक्यातलं लघवीतून नेमकं कळत नाही. जेवण पाहू." वहीवर बोट फिरत फिरत बुधवारवर थांबलं. "साडू जेवाले आले होते न?"

"आले न."

"त्यायले खिचडी वाढली?"

"गरम होती."

"वऱ्हाडात साडूले खिचडी? अन् ते काहीच न बोलता उठले?"

मी छताकडे पाहिलं. पंख्याला तीनच पाती होती, त्यामुळे मोजणं लवकर संपलं.

"वर्गमित्राले दूध-पाव," ती पुढं वाचत गेली. "काका, कोणीच आलं नव्हतं न?"

"नाही."

ती हसली नाही. डाळ, दही, अंडी वाढवा म्हणाली, धडधड थांबली नाही तर मनाच्या डॉक्टरकडे जायचं हेही बजावलं. मग वही माझ्याकडे सरकवली. "हा रकाना खोडून तुमच्या हातानं खरं लिवा. नाहीतर मी कोणाले सल्ला देऊन राहिली, तेच मले कळणार नाही."

मी लिहायला घेतलं. सोमवार, एकटा. मंगळवार, एकटा. साडूलाही खोडलं. शनिवारपर्यंत हात चांगला चालला. रविवारी अडला.

"त्या दिवशी पोरीचा फोन आला होता," मी म्हणालो. "ताटाजवळ तांब्याला टेकवून ठेवला अन् जेवलो. हे सोबत धराचं का?"

तिनं विचारलं, "किती वेळ बोलल्या ताई?"

"पोरगी चारेक मिनिटं," मी म्हणालो. "मी मात्र ताट संपेपर्यंत बोलूनच राहिलो होतो."