मामांच्या बादलीत काय घालायचं

क्रेनची शिडी चढताना मामा खाली बघत नाहीत आणि वरही बघत नाहीत. समोरच्या गजाकडे बघतात.

केबिनची काच पुसायला जुना पेपर घेतात. आधी तो वाचतात, मग पुसतात.

कुठलाही माल उचलण्याआधी ‘सावकाश’ म्हणतात. कुणाला, ते माहीत नाही. हूकला असावं.

जमिनीवर असले की लोकांना धडकतात.

कप ठेवायचा तर टेबलाच्या बरोबर मध्यावर.

बोलणं संपलं की ‘बोला’ म्हणतात, वॉकीटॉकीवर म्हणतात तसं. घरीसुद्धा. मामी म्हणतात, लग्न झाल्यापासून हा माणूस मला बोला म्हणतोय, ऐकत मात्र काहीच नाही.

ते माझे मामा नव्हेत. साइटवर सगळेच त्यांना मामा म्हणतात. मी तिथे स्टोअरमध्ये आहे. साहित्याची पदवी घेतली म्हणून याला बांधकाम साहित्यावर बसवलंय, असं मुकादम येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो. मामा मला भाचेबुवा म्हणतात. वयात बापलेकांएवढं अंतर असेल. पण तिथे ज्याला मित्र म्हणावं असा मला हा एकच माणूस.

मामा डबा आणत नाहीत. शिडीला दोन्ही हात लागतात, आणि एकदा वर गेले की ते संध्याकाळीच उतरतात. मामी इस्पितळाच्या लाँड्रीत कामाला आहेत, भल्या पहाटे निघतात. म्हणून जेवणाच्या सुट्टीत रंगाची एक धुतलेली बादली दोरीने वर जाते. खाली जेवायला बसलेला प्रत्येकजण आपल्या डब्यातला एक घास तिच्यात घालतो. ही पद्धत कुणी पाडली, कुणालाच आठवत नाही.

बादली ओढायचं काम शिट्टीचं; दोरी कप्पीवरून फिरते, त्यामुळे वरून मामांनाही ती खालीवर करता येते. शिट्टी म्हणजे आमचा सिग्नलवाला. खाली उभा राहून उचल, थांब, डावीकडे घे, असं वॉकीटॉकीवर सांगणारा. पूर्वी हे सगळं तो शिट्टी वाजवून सांगायचा. केबिनमधून मामांना निम्मंच दिसतं, उरलेलं शिट्टीच्या डोळ्यांनी दिसतं. त्यामुळे माल हूकला असताना ते फक्त त्याचंच ऐकतात. तिथे मालकालाही विचारत नाहीत.

जेवण झालं की वरून निकाल यायचा. मुकादम, भात करपलाय, घरी अबोला दिसतोय, बोला. मुकादम मान खाली घालून डबा आवरायचा. कुणाकडे पाहुणे आलेत, कुणाच्या सासूबाई परत गेल्या, कुणाचा पगार संपत आलाय, हे मामांना घासावरून कळायचं. चुकलेलं मी तरी पाहिलं नाही.

मागच्या तपासणीत मामांच्या रक्तात साखर निघाली. कंपनीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी गोळ्या दिल्या आणि बजावलं, पुढच्या तपासणीत हीच गत असेल तर केबिन बंद. वरचा माणूस चक्कर येऊन पडला तर खालच्यांनी कुठे जायचं? भात, पाव, बटाटे कमी करा, असंही त्या म्हणाल्या.

मामा हे सांगायला स्टोअरमध्ये आले तेव्हा खिळ्यांच्या पेटीवर बसले.

“खाली मला काय येतं, भाचेबुवा? मला धड चालतासुद्धा येत नाही.”

खालच्या कामाला पगार जवळजवळ निम्मा. पण त्याबद्दल ते अवाक्षर बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी बादलीत नेहमीसारखं सगळं होतं. भात, पाव, उकडलेला मका, बटाट्याच्या फोडी. मामांनी ती जशीच्या तशी खाली पाठवली. साइटवर असं कधी झालं नव्हतं. लोक हातातले घास हातात धरून बादलीकडे बघत राहिले.

मग सल्ले सुरू झाले. मुकादम म्हणाला, पांढरं तेवढं सोडा, सगळा रोग पांढऱ्यात. शिट्टी म्हणाला, जमिनीखाली पिकतं ते बाद. मामींच्या लाँड्रीतल्या बायकांनी सांगितलं, जे जिभेला गोड लागतं ते वर्ज्य, बाकी खुशाल खा. प्लंबरने मधाची बाटली आणली, कारण मध नैसर्गिक. मुकादमाच्या हिशेबाने अंडी, दही आणि फ्लॉवर गेले. शिट्टीच्या हिशेबाने कांदा आणि शेंगदाणे गेले. लाँड्रीच्या हिशेबाने पाव राहिला.

मामांनी वरून सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, पांढरं सोडलं, मातीतलं सोडलं, गोड सोडलं. विटा लाल आहेत, त्या चालतील का? बोला.

हा प्रश्न माझ्याकडे आला. मी शिकलेला. मी चार दिवस वाचलं आणि चार दिवसांत माझ्या डोक्याचं भजं झालं. एक जण म्हणे डाळ खा, दुसरा म्हणे डाळीला शिवू नका. एकाला दूध अमृत, दुसऱ्याला विष. शेंगदाण्यावर तर भांडण होतं. एवढंच नक्की कळलं की भात, पाव, बटाटा आणि साखर यांच्या बाजूने कुणीच नाही.

रविवारी मी आणि मामा एका मोठ्या दुकानात गेलो. आत थंडगार. भात-पाव वर्ज्य असलेल्या आहाराचं तिथे वेगळं कपाटच होतं. बदामाच्या पिठाचं पाकीट मामांनी उचललं, तळहातावर तोललं आणि किंमत वाचून परत ठेवलं.

“एवढ्याशा मालाचं एवढं भाडं? हा तर मी क्रेनशिवाय उचलला.”

पुढच्या पाकिटावर कुठल्याशा बियांचं नाव होतं. ते आम्हा दोघांना वाचता आलं नाही. दारावरच्या रखवालदाराने रिकाम्या हातांकडे बघून आम्हाला जाऊ दिलं.

स्वस्त ते मागच्या दारांशी सापडत गेलं. अंड्यांच्या घाऊक दुकानात नुकतीच तडकलेली अंडी वेगळ्या ट्रेमध्ये ठेवतात आणि पडत्या भावात देतात. त्याच दिवशी फोडून तव्यावर टाकायची, ठेवायची नाहीत. कोबीची बाहेरची पानं आणि फ्लॉवरचे दांडे भाजीवाली फेकून द्यायची. मामींनी मागितले तेव्हा तिने विचारलं, गाय पाळलीत का? मामी म्हणाल्या, हो, क्रेन चालवते. कोंबडीची काळिजं खाटकाकडे मांसाच्या निम्म्याने मिळाली. बोटाएवढे मासे मिळाले, ते डोक्यासकट खायचे. दही मामी घरीच लावू लागल्या. शेंगदाण्याचा निवाडा मीच केला, मूठभर चालेल म्हणून. कशाच्या आधारावर, ते मला विचारू नका.

प्रत्येकाचा घास तपासणार कोण? म्हणून मुकादमाने पाळी लावली. रोज एका घरातून अख्खी बादली. त्यात मी सांगितलेल्या वस्तूंपलीकडे काही नाही. मुकादम एवढ्यावर थांबला नाही. तपासणी होईपर्यंत साइटवर साखरच नको म्हणाला. मामांना वास तरी का यावा? चहा बिनसाखरेचा झाला. लोक कडू तोंडाने चहा प्यायले आणि कुणी कुरकुरलं नाही. कुणाच्या खिशात बिस्किट सापडलं तर शिट्टी ते काढून घ्यायचा. त्याच्याइतका कडक कुणीच नव्हता.

मामा वाळले. पट्ट्याला नवीन भोक पाडायला ते माझ्याकडूनच खिळा घेऊन गेले. वरून निकाल मात्र यायचा बंद झाला. नुसतं यायचं, अंडं, कोबी, दही, बोला. एकदा त्यांनी मला विचारलं, मुकादमाच्या घरी बरं आहे ना? मी म्हटलं, असावं. ते म्हणाले, आता मला काही कळत नाही.

डॉक्टरबाई कमी करा म्हणाल्या होत्या. आम्ही बंद केलं होतं. गोळ्या चालूच होत्या. या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघायचं कुणालाच सुचलं नाही.

त्या दिवशी नेमकी जेवणाच्या सुट्टीला पाण्याची टाकी आली. निळी, मोठी, गच्चीवर बसवायची. ट्रकवाल्याला घाई होती. मुकादम म्हणाला, आधी टाकी, मग बादली. मामा हो म्हणाले.

मी स्टोअरच्या दारात उभा होतो. टाकी उचलली गेली. शिट्टी मला म्हणाला, मामा आज सावकाश म्हणाले नाहीत. मी हसलो. टाकी सातव्या मजल्याच्या वर गेली आणि थांबली. वॉकीटॉकीवर आवाज आला, बोला. शिट्टी म्हणाला, तुम्ही बोला, मामा. पुन्हा आवाज आला, बोला. दारू प्यायलेल्या माणसाचा असावा तसा.

शिट्टीचा चेहरा उतरला, आवाज उतरला नाही. तो एकेक शब्द सांगत गेला. खाली. थांब. उजवीकडे. थांब. सातव्या मजल्याला माल उतरवायची फळी बाहेर काढलेली आहे, तिच्यावर त्याने टाकी टेकवून घेतली. आतल्या माणसांनी हूक सोडवला. मग तो मटकन खाली बसला, पण वॉकीटॉकी तोंडाशीच होता.

मी दवाखान्यात फोन लावला. नर्सने दोन प्रश्न विचारले. घाम येतोय का? बोलणं अडखळतंय का? मग म्हणाली, साखर द्या. आत्ता, या क्षणी. मी विचारलं, साखर? तिने तो शब्द पुन्हा सांगितला.

साइटवर साखर नव्हती. चहाच्या डब्यात नव्हती, कुणाच्या जेवणात नव्हती. प्लंबरने मध केव्हाच घरी नेला होता. मुकादम माणसामाणसाचे खिसे चाचपत फिरत होता आणि सगळे खिसे स्वच्छ होते. शेवटी शिट्टीने स्वतःच्या खिशात हात घातला आणि मूठभर गोळ्या-चॉकलेटं काढली. चकचकीत कागदातली. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

शिडीवरून दोन माणसं निघालीच होती, पण त्यांच्याआधी बादली पोचली. वर हालचाल दिसली. मग मामांचा आवाज आला, हळू, समजुतीचा.

“यात साखर आहे. हे बाद आहे ना, भाचेबुवा?”

मी ओरडून सांगितलं, खा. मुकादमाने सांगितलं, खा, मामा. प्लंबर, ट्रकवाला, सगळे एकदम ओरडू लागले. मामा म्हणाले, तपासणी जवळ आलीय, मी नाही खाणार. बादली खाली येऊ लागली.

शिट्टीने हात वर केला. सगळे गप्प झाले. तो उठून नेहमीच्या जागेवर जाऊन उभा राहिला आणि नेहमीच्या आवाजात बोलला.

“बादली थांब. वर घे. एक उचल. कागद काढ. तोंडात. सावकाश.”

बादली थांबली. वर गेली.

“दुसरी उचल,” शिट्टी म्हणाला.

तो असाच सांगत राहिला. वरून कागद भिरभिरत खाली येत होते, एकेक. आम्ही ते पडताना बघत होतो. पुष्कळ वेळाने आवाज आला, खालून कुणी ओरडत होतं का? बोला. तेव्हा मुकादम भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी रक्त पाहिलं आणि विचारलं, हे सगळं खाणं कुणी ठरवलं? आम्ही पाचजण होतो, एकमेकांकडे बघितलं. त्या म्हणाल्या, आहार वाईट नाही, उलट साखर उत्तम उतरलीय. पण इतकं कमी खाल्लं तर गोळीही कमी करायला हवी, आणि ते मला येऊन विचारायला हवं. इतकी साधी गोष्ट होती. त्यांनी गोळी निम्मी केली आणि कागदावर लिहिलं, पुढची सूचना येईपर्यंत केबिन बंद.

मामांनी तो कागद दोनदा वाचून घेतला.

“म्हणजे मी पास झालो म्हणून नापास?”

डॉक्टरबाईंनी उत्तर दिलं, सविस्तर दिलं. मी लक्ष देऊन ऐकलं. पण रिक्षात बसल्यावर मामांनी तेच मला विचारलं आणि मला ते परत सांगता येईना.

आता दुसऱ्या साइटवरून एक तरुण क्रेनवाला आला आहे. मामा माझ्यासमोर खिळ्यांच्या पेटीवर बसतात आणि नटबोल्ट वेगळे करतात. डॉक्टरबाईंनी थोडा भात खायला सांगितलाय. थोडा म्हणजे किती, असं ते विचारतात. मुकादम म्हणतो मूठभर. मामी म्हणतात, कुणाच्या मुठीने? पुढची सूचना कधी येईल, तेही ते विचारतात, दर दोन तासांनी, आणि मी दवाखान्यात फोन लावतो. तिकडून सांगतात, अजून दोनदा रक्त बघू, मग ठरवू. हो म्हणत नाहीत, नाही म्हणत नाहीत.

निळी टाकी सातव्या मजल्याच्या फळीवर आहे. फळी अडलीय, त्यामुळे सगळा माल आठव्यावरून आत घ्यावा लागतो आणि जिन्याने खाली आणावा लागतो. नव्या क्रेनवाल्याने काल विचारलं, ती टाकी गच्चीवर टाकून देऊ का, पाच मिनिटांचं काम आहे. शिट्टी म्हणाला, राहू दे. आज त्याने परत विचारलं. मुकादम शेजारीच उभा होता, तो स्टोअरमध्ये बसलेल्या मामांकडे एक नजर टाकून जिन्याने आठव्यावर गेला. प्लंबर पाइप जोडायचे राहिलेत म्हणून आरडाओरडा करून गेला.

राहू दे, शिट्टी म्हणाला.