पाच ओट्या कापूस

त्या वर्षी कापसाला सोन्याचा भाव आला होता. सातासमुद्रापार कुठेतरी लढाई पेटली होती म्हणे, आणि तिच्यापायी इकडे मोर्शीच्या शिवारात आम्हा बायांच्या कमरेचा काटा ढिला झाला. सूर्य उगवायच्या आत वेचणीला लागायचं. अमरावतीला जाणारी गाडी भरलीच पाहिजे, असं सासूबाई रोज बजावायच्या.

माझी चार वर्षांची लेक बांधावर, कापसाच्या ढिगाजवळ बसायची. सारखी पदर धरायची, म्हणून मी तिला मोजायला शिकवलं. हौस म्हणून नव्हे, ती एका जागी बसावी म्हणून. आधी बैलांची शिंगं, मग हाताची बोटं. मग एक खेळच काढला. मी कापसाने भरलेली ओटी ढिगावर रिकामी केली, की तिने एक सरकी करवंटीत टाकायची. पाच झाल्या, की मी तिच्याजवळ बसून भाकर खायची. पोरगी हरखून गेली. दोन दिवसांत पाचापर्यंत एकदाही चुकेना.

तिसऱ्या दिवशी गाडी अजून अर्धी रिकामी होती.

"माय, पाच झाल्या!" ती ओरडली.

मी न थांबताच म्हटलं, "नाई व, तीनच झाल्या. तू चुकली."

तिने पुन्हा मोजल्या. मी वळूनही पाहिलं नाही. मग ते रोजचंच झालं. खरं सांगते, लाजही वाटली नाही. दमलेल्या माणसाला लाज वाटायलाही उसंत लागते.

आठवडाभराने एका दुपारी सातवी ओटी टाकून मी तिच्याजवळ बसले. ती एकेक सरकी उचलून मोजत होती, "एक, दोन, दोन, तीन, चार, चार, पाच."

"दोनदा काहून म्हणून रायली व?"

"तसं म्हटलं का तुयं बराबर येते."

हातातली भाकर मी खाली ठेवली. माझं खोटं खरं ठरावं म्हणून पोरीने आपलं धड मोजणं मोडून टाकलं होतं. मला माझीच किळस आली. मी तिला मांडीवर ओढलं.

"तुयंच बराबर होतं, बाई. सात झाल्या. मीच खोटं बोलली."

करवंटी माझ्यापुढे धरून तिने हळूच विचारलं, "मंग आता किती म्हणू?"