शेंदराखालची चीर

टेंभुर्णीजवळच्या त्या विहिरीवर केलेला पंचनामा माझ्या मनातून अजून गेलेला नाही. दगड-मुरूम वर काढणाऱ्या यारीचा हूक तुटला, भरलेली बकेट खाली कोसळली आणि तळाशी काम करणारा मजूर जागीच ठार झाला. त्याच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. कुणाच्याच नव्हतं.

विहिरीचं काम घेतलेला गुत्तेदार आमच्या आधीच ठाण्यात हजर. "यारीवाला पेलेला व्हता साहेब. जल्दी लिहून घ्या."

यारीवाल्याला ताब्यात घेतलं. पण डॉक्टरांच्या तपासणीत दारू निघाली नाही. आता दोष कुणाचा? मयताची बायको वर बकेट रिकामी करायची. जबाबात ती एवढंच म्हणाली, "यारीवाला दारूला शिवत न्हाई. हूक कवाचा कुरकुर करून राह्यला व्हता. हूक बघा."

मी यारीवाल्याला विचारलं, "यंत्र तपासत होतास?"

"रोज. बिलकुल चुकवलं न्हाई."

"कसं तपासायचास?"

"शेंदूर लावायचो, पाया पडायचो. मंगच चालू."

मला वाटलं, हा माझी टर उडवतोय. तो उडवत नव्हता.

तुटलेल्या हुकावर तेलातल्या शेंदराचा जाड थर होता. पंच मागे सरकले. हवालदाराला खरडायला सांगितलं, तर म्हणाला, "तुमीच खरडा साहेब, मला लेकरं हायेत." मीच खरडला. तुटलेली बाजू अर्धी चकचकीत, अर्धी गंजलेली, आणि गंजाच्या आतपर्यंत शेंदूर मुरलेला. म्हणजे चीर जुनी होती.

दोघांना समोरासमोर बसवलं. यारीवाला म्हणाला, "मालक, हूक वाजतो म्हणून म्या सांगितलं व्हतं. तुम्ही म्हणले, नारळ फोड."

"मंग?" गुत्तेदार माझ्याकडं वळला. "नारळाचा खर्चा म्याच देल्ता साहेब."

ते त्याला आपल्या बाजूचं वाटत होतं. मी ते जसंच्या तसं लिहून घेतलं आणि निष्काळजीपणाचा गुन्हा त्याच्यावर दाखल केला. देवाशी माझं भांडण नाही. नवा हूक आणायचं स्वतःचं काम जो देवावर ढकलतो, त्याच्याशी आहे. मजुराचा जीव काय नारळावर तोलायचा?

सोडताना यारीवाला दारातच थांबला. "साहेब, चिरेवर शेंदूर म्याच लावत व्हतो. मंग मी सुटलो कसा?"

मी कायदा सांगितला. त्याचं समाधान झालं नाही. खरं सांगायचं तर माझंही नाही. तेव्हापासून कुठल्याही कामावर गेलो की 'तपासलं का' एवढ्यावर मी थांबलो नाही. 'कसं तपासलं, करून दाखवा' म्हणायचो.

पुढं शहागडकडं दुसऱ्या एका विहिरीवर तो दिसला. शेंदूर होता, पण इंजिनाच्या पत्र्यावर. हूक उघडा होता, आणि पाया पडण्याआधी तो त्यावरून सावकाश बोट फिरवत होता.