दोन भावांचं पळणं

अंगद जन्मला दौलताबादच्या किल्ल्यामागच्या धनगरवस्तीवर. बाप कडुबा मेंढरं राखणारा, आजा मेंढरं राखणारा, त्याच्या मागचेही तेच. अंगद नुकता चालायला लागला होता आणि एका हिवाळ्यात तापानं फणफणला. ताप उतरला, पण डावा पाय त्यानं सोबत नेला. मेंढपाळाच्या घरात न चालणारं पोर म्हणजे सगळ्यांच्याच जिवाला घोर. चाऱ्यासाठी वस्ती गोदाकाठाकडं हलायची तेव्हा भांडीकुंडी घोड्यावर जायची आणि अंगद थोरल्या भावाच्या, सूर्यभानच्या, पाठीवर. सूर्यभान तेव्हा कोवळा पोरगाच होता, पण त्यानं कधी कुरकुर केली नाही. अंगदनं गोदाकाठ पहिल्यांदा बघितला तो भावाच्या खांद्यावर हनुवटी टेकून.

पुढं कडुबानं विचार केला, हे पोर रानात टिकायचं नाही, चार अक्षरं शिकलं तर बसून तरी खाईल. त्यानं त्याला शहरातल्या मुकुंदवाडीत, बहिणीकडं ठेवलं. आत्या वच्छलाबाई रेल्वे स्टेशनामागच्या गल्लीत राहायची. शाळेत अंगदचं मन लागलं नाही. खेळाच्या तासाला मास्तर त्याला पोरांच्या चपला राखायला बसवायचे.

त्याचं मन लागलं ते गल्लीच्या तोंडाशी. तिथं कृष्णा नावाच्या माणसानं पत्र्याच्या खोलीत दोन टीव्ही मांडून व्हिडिओ गेमचं दुकान काढलं होतं. जाडजूड कॅसेट यंत्रात खोचायची, चालली नाही तर काढून तिच्यात फुंकर मारायची, परत खोचायची. बाकीची पोरं फुटबॉल नाहीतर मारामारीच्या गेमवर तुटून पडायची. अंगदनं धरली ती मैदानी शर्यतींची कॅसेट. पडद्यावर लाल मातीची पट्टी, तिच्यावर चार रंगीत चौकोनांचा बनवलेला बोटभर माणूस. बंदुकीचा आवाज झाला की एकच बटण जिवाच्या आकांतानं दाबत राहायचं. जितकं जलद बटण, तितका जलद माणूस. पोरं अंगठ्याला सदऱ्याचं टोक गुंडाळायची, कुणी बटणावर स्टीलची पट्टी घासायचं. अंगद नुसत्या नखानं पळवायचा. शंभर मीटर असो, अडथळे असोत, लांब उडी असो, त्या खोलीत त्याला कुणी मागं टाकू शकलं नाही. बाहेर ज्याला पोरं लंगड्या म्हणायची, त्याच्याशी शर्यत लावायला आत रांग लागायची.

एकदा सूर्यभान त्याला भेटायला शहरात आला. अंगदनं त्याला हाताला धरून दुकानात नेलं आणि सगळ्या शर्यती जिंकून दाखवल्या. सूर्यभान दारातच उभा राहिला, घोंगडं खांद्यावर, काठी हातात. तो हसला, भावाच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि मेंढरं एकटी आहेत म्हणून निघून गेला.

वर्षं गेली. कृष्णा गाव सोडून गेला तेव्हा ते दुकान अंगदनं घेतलं. मग घरोघरी मोबाईल आले, पोरं यायची थांबली. त्याच खोलीत तो मोबाईलची कव्हरं विकू लागला, काचा बदलून देऊ लागला. लग्न झालं, निशा घरात आली. एक यंत्र आणि ती शर्यतींची कॅसेट मात्र त्यानं फडक्यात बांधून माळ्यावर ठेवली. का ठेवली, हे निशानं विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही.

मागच्याच्या मागच्या हिवाळ्यात सूर्यभानचा घात झाला. पैठणच्या वाटेनं तो पहाटेच्या धुक्यात कळप घेऊन चालला होता. मागून आलेला टेम्पो मेंढरांत घुसला. मेंढरं तर गेलीच, सूर्यभानची पाठही मोडली. दवाखान्यात डॉक्टरांनी अंगदला बाजूला घेऊन सांगितलं की कमरेखाली आता काही राहिलं नाही. जीव वाचला हेच नशीब समजा, असंही ते म्हणाले.

उरलेली जनावरं सांभाळायला सूर्यभानच्या बायकोला, आवडाबाईला, वस्तीवर थांबणं भाग होतं. लेकी सासरी. दवाखाना शहरात. तेव्हा सूर्यभान आला तो मुकुंदवाडीत, अंगदच्या दोन खोल्यांच्या घरात, खिडकीजवळच्या खाटेवर.

अंगदला वाटलं होतं, या दुखण्यात आपल्याइतका दादाचा सोबती दुसरा कुणी नाही. लुळा पाय कसा उचलायचा, कुशीवर वळवताना कुठं हात घालायचा, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. पण झालं उलटंच. निशानं तोंड पुसलं, भाकरीचा घास दिला, तर सूर्यभान मुकाट घ्यायचा. अंगदनं पायाला हात लावला की तो मान भिंतीकडं फिरवायचा. अंगदच्या पायाला बांधलेल्या लोखंडी कॅलिपरचा खटखट आवाज दारात आला तरी त्याचे डोळे मिटायचे. अंगदला हे लागायचं. 

एका रविवारी त्यानं माळ्यावरनं ते बोचकं काढलं. यंत्र पुसलं, खाटेसमोरच्या टीव्हीला जोडलं, कॅसेटमध्ये फुंकर मारली. दोन-तीन वेळा पडदा नुसताच फडफडला, मग लाल मातीची पट्टी आली. त्यानं एक रिमोट भावाच्या हातात दिला आणि म्हणाला की हा हाताचा खेळ आहे दादा, यात पायाचं काम नाही.

सूर्यभाननं रिमोट उलटासुलटा करून बघितला. मेंढरू एका हातानं उचलणारी त्याची बोटं त्या इवल्या बटणावर बसेनात. बंदूक वाजली. त्याचा माणूस दोन पावलं पळाला, अडला, परत पळाला. अंगदचा माणूस केव्हाच पोचला होता. दुसऱ्या खेपेलाही तेच. आणि अंगदच्या तोंडून, सवयीनं, दुकानातल्यासारखी जिंकल्याची हाळी निघाली.

सूर्यभाननं रिमोट छातीवर ठेवला.

"अंगद, तू कधी पळला नाय, म्हणून तुला हे पळणं वाटतं," तो म्हणाला. "मी पळलोय. बंद कर ते."

अंगदनं यंत्र बंद केलं. वायर गुंडाळून ठेवली. तो घराबाहेर पडला आणि रविवारचं बंद दुकान उघडून आत बसला. त्याला संताप आला होता. मी सगळं रान याच्या पाठीवरनं बघितलं, मला कुणी विचारलं का, असं त्याच्या मनात येत राहिलं. पण संतापाखाली त्याला हेही कळत होतं की दादा खोटं बोलला नाही. बटण ते बटणच. इतकी वर्षं त्यानं ते स्वतःला कळू दिलं नव्हतं, एवढंच.

उन्हाळ्यात सूर्यभानच्या पाठीला फोड आले, मग त्यांच्या जखमा झाल्या. निशा दोन वेळा धुवायची, औषध भरायची, तरी खोलीत वास भरून राहायचा. सूर्यभान जेवण कमी करत चालला. आपली घाण या बाईला काढावी लागते, म्हणून तो खात नाही, हे सगळ्यांच्या आधी निशाच्या ध्यानात आलं. तिनं त्याला परोपरीनं समजावलं. तो मान हलवायचा आणि ताट तसंच राहायचं.

पावसाळ्याच्या तोंडाला, एका दुपारी, अंगद त्याला कुशीवर वळवत होता. सूर्यभाननं या खेपेला तोंड फिरवलं नाही.

"त्या खेळात तू पळायचा, तवा काय वाटायचं तुला?" त्यानं विचारलं.

 असं अंगदला कुणी विचारलं नव्हतं.

"पाय आठवायचा नाय," तो म्हणाला.

"तेवढंच?"

"तेवढंच लई व्हतं, दादा." मग धीर करून त्यानं विचारलं, "आन तुला? खरं पळताना?"

सूर्यभाननं खिडकीकडं बघितलं. मग तो लांडग्याची गोष्ट सांगू लागला. वस्तीवर ती लहानथोरांना पाठ होती. किल्ल्याच्या डोंगरावर लांडगा कोकरू घेऊन पळाला, सूर्यभान उघड्या पायांनी मागं लागला आणि कोकरू जितं सोडवून आणलं, अशी. सूर्यभान म्हणाला की पळताना कानात नुसता वारा होता, पायाचा आवाजसुद्धा येत नव्हता. आपण कशामागं पळतोय तेही विसरलो होतो. इतकं बरं मला पुन्हा कधी वाटलं नाही.

"पर ते कोकरू मेलेलं व्हतं," तो म्हणाला. "हातात घेतलं तवाच मान लटकत व्हती. बा म्हणला, कुणाला सांगू नको. दुसरं कोकरू दाखवलं लोकांला."

अंगद खाटेच्या कडेला बसला. त्यानं भावाच्या पोटरीवर हात ठेवला. हात ठेवलेला सूर्यभानला कळणार नव्हता, पण तो दिसत होता, आणि त्यानं तो राहू दिला.

जरा वेळानं सूर्यभान म्हणाला, मला वस्तीवर ने. अंगदनं कबूल केलं. पण अंगात ताप होता, जखमा ओल्या होत्या. डॉक्टर म्हणाले आधी ताप उतरू द्या, निशाही तेच म्हणाली. अंगदलाही ते पटलं. ताप उतरला नाही. जखमांचं विष रक्तात गेलं आणि दवाखान्यात भरती केल्यावर सूर्यभान शुद्धीवर आला नाही. त्याला वस्तीवर नेलं ते पांढऱ्या कापडात.

स्मशान वस्तीपासून लांब, ओढ्यापलीकडं. लोकांनी अंगदला गाडीत बस म्हणून सांगितलं. तो बसला नाही. खांदेकरी पावसाच्या भीतीनं झपाझप चालत होते आणि तो चिखलात कॅलिपर ओढत मागं पडत गेला. थोड्या वेळानं पुढं माणसं दिसेनात, नुसत्या पाऊलखुणा. तो पोचला तेव्हा सगळे सरण रचून त्याची वाट बघत उभे होते. सूर्यभानला मुलगा नव्हता, अग्नी भावानंच द्यायचा होता. धाप जिरायच्या आधीच त्यानं तो दिला.

तिन्हीसांजेला बाया उठून गेल्यावर आवडाबाई त्याच्याजवळ येऊन बसली.  बाहेर मेंढरं ओरडत होती, त्यांना कुणी पाणी दाखवलं नव्हतं.

"शेवटाला जेवले व्हते का?" तिनं विचारलं.

दवाखान्यात नेण्याआधीच्या दोन दिवसांत सूर्यभाननं पाण्याच्या घोटाशिवाय काही घेतलं नव्हतं.

"व्हय वैनी," अंगद म्हणाला. "निशानं बाजरीची भाकर केली व्हती. पोटभर जेवला दादा."

आवडाबाईनं मान हलवली. मग पदर खोचून ती उठली आणि मेंढरांना पाणी पाजायला गेली.